फोनमधल्या तानपुऱ्यानं गाणं सोपं झालं की कान आळशी?

खरजाची तार
परवा आमच्या क्लासच्या बैठकीत आठ जण गायले. आठही जणांनी फोन स्पीकरला जोडला, पट्टी निवडली, झालं. खरा तानपुरा कोपऱ्यात गवसणीतच. मी शिकत होते तेव्हा बाईंनी पहिला अख्खा पावसाळा नुसता तानपुरा लावायला लावला होता. मणी केसभर सरकवायचा, घोडीवरचा दोरा हलवून जवारी, म्हणजे तारेची गुंजणारी झणझण, उघडायची. खरज, म्हणजे खालच्या ‘सा’ची तार, नीट लागला की त्यातून कुणीही न छेडलेला गंधार (‘ग’) आपसूक ऐकू यायचा. पहिल्यांदा तो ऐकला तेव्हा अंगावर काटा आला होता. फोनमध्ये सगळं आयतं, मग कान लावणार कोण?

विरार स्लो
ताई, तुमच्याकडे पावसाळा होता. मी रात्री साडेनऊला घरी पोचतो, वन बीएचकेत पाच माणसं. तानपुरा ठेवू कुठे, फ्रिजवर? इअरफोन घालून गाडीत मनातल्या मनात पलटे, म्हणजे सरावाच्या स्वररचना, घोकतो. फोन नसता तर गाणं कधीच सुटलं असतं.

मिरजकर
आमच्या मिरजेच्या तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. छान. पण घोडी घासून जवारी काढणारा हात घडायला वर्षं जातात. गिऱ्हाईकच फोनवर खूश, तर नवी पोरं कानस घेऊन बसतील कशाला?

जुनी तबकडी
यंत्र आलं की गाणं बुडालं, ही ओरड जुनीच. १९०२ साली कलकत्त्यात गायिका गौहर जानचं गाणं तबकडीवर उतरलं, तेही जेमतेम तीन मिनिटांत. तासाभराचा राग तीन मिनिटांत कोंबायचा म्हणजे अन्यायच. पण बैठकीच्या उंबऱ्याबाहेर राहिलेल्यांच्या घरी गाणं पोचलं ते त्याच तबकड्यांमुळे. १९४० मध्ये आकाशवाणीनं पेटीवर, म्हणजे हार्मोनियमवर, बंदी घातली, ती तीसेक वर्षं टिकली. पेटी गेली का कुठे?

खरजाची तार
पेटी राहिली, पण साथीला. आधारस्वर तानपुऱ्याचाच होता. फोन नेमकी तीच जागा बळकावतोय. विरारवाल्या दादांशी माझं भांडण नाही, त्यांचा इलाज नाही. पण तानपुरा हाताशी असताना?

आठांतली एक
मॅडम, मी त्या बैठकीत गायले. गवसणी आम्ही आदल्या दिवशी काढली होती. जोडीची, म्हणजे मधल्या दोन ‘सा’च्या तारांपैकी, एक तार तुटलेली, आणि उरलेल्या लावायला आमच्यापैकी एकालाही येत नव्हतं. तीन वर्षांत तुम्ही तो एकदाही आमच्या हातात दिला नाहीत.