'त्या' पुस्तकांना वेगळं कपाट हवं की नको?

फोंडेकरीण
मंडळी, विषय टाकतेय, भांडा पण जरा बेतानं. आम्ही फोंड्यात सात-आठ जणी महिन्यातून एकदा कोणाच्या तरी बाल्कांवात (घरापुढच्या सोप्यात) जमून पुस्तकांवर बोलतो, म्हणजे चहा-भजी हे मुख्य आणि पुस्तक तोंडी लावायला. चवथीला भाचा आलेला, मी स्टुलावर चढून गणपतीवरची फळा-पानांची माटोळी बांधतेय, तो खालून एकेक वस्तू हातात देतोय, आणि मधेच म्हणाला, मावशी, तुमच्या त्या ग्रुपात गे माणसांवरचं मराठी काही वाचलंय का गो कधी. माझ्या हातात सुपारीचा घोस तसाच. मी म्हटलं वाचलंय की, कोबाल्ट ब्लू. आणि पुढे गाडी अडली, दुसरं नाव सुचेना.

मग महिनाभर शोधत बसले. आता जवळ एवढं आहे: सचिन कुंडलकरांची कोबाल्ट ब्लू (२००६), बिंदुमाधव खिरेंची पार्टनर आणि माहितीसाठी त्यांचंच इंद्रधनू, लक्ष्मी त्रिपाठींचं मी हिजडा मी लक्ष्मी, तेंडुलकरांचं मित्राची गोष्ट. सिनेमात जोगवा, पालेकरांचा थांग, आणि २०२५ चा साबर बोंडं, तो पुण्याला गेलेले तेव्हा बघितला.

वाद इथे आहे. आमच्यातली एक म्हणते की अशी यादी वेगळी कर, वर ठळक लिही एलजीबीटी वाचन, म्हणजे समलैंगिक, तृतीयपंथी वगैरेंबद्दलचं. मला ते पटत नाही. कोबाल्ट ब्लू ग्रुपात दिली तेव्हा मी एवढंच सांगितलेलं की एका घरात पेइंग गेस्ट येतो, भाऊ नि बहीण दोघंही त्याच्या प्रेमात पडतात आणि तो एक दिवस बहिणीला घेऊन निघून जातो. बस. ज्या बाईंनी 'असलं' म्हणून हातही लावला नसता त्या रात्री दीडपर्यंत वाचत बसल्या आणि पुढच्या वेळी सगळ्यात जास्त त्याच बोलल्या, आणि बोलल्या काय तर त्या भावाबद्दल, की पोराला रडायलासुद्धा कोण नाही. शिक्का मारला असता तर हे झालं असतं का? माझं मत, पुस्तक गोष्ट म्हणून द्या, लेबल लावून देऊ नका.

एक_वाचक_२७
ताई तुमचा हेतू चांगला आहे पण हे मत ज्याला पुस्तक सहज मिळतं त्याचं आहे.

मी सत्तरी तालुक्यातला. आमच्या भागातल्या वाचनालयात जायचो, नाव नको, तिथे एक लांबडं रजिस्टर असायचं, पुस्तकाचं नाव, तुमचं नाव, सही, आणि ते उघडं टेबलावर. गावातला कोण काय नेतोय हे पुढच्या माणसाला सही करताना दिसायचं. तरीही मी शोधत होतो, पण काय शोधू? कपाटांवर पाट्या: कादंबरी, चरित्र, धार्मिक, पाककला. मोबाईलवर मराठीत समलैंगिक टाकलं की अर्धे डॉक्टरांचे सल्ले आणि अर्धं नको ते. कोबाल्ट ब्लू त्याच कपाटात होती, निळं पुस्तक, मी दोन वर्षं तिच्या शेजारची पुस्तकं नेत होतो! कोणी सांगितलंच नाही की यात तू आहेस. वाचली तेव्हा मी बावीसचा, पुण्यात, रूमवर. लेबल असतं तर सतराव्या वर्षी मिळाली असती.

तुमच्या त्या बाईंना लेबलशिवाय पुस्तक मिळालं छान झालं, पण पुस्तक आधी कोणासाठी, त्यांच्यासाठी की भाच्यासाठी?

डिचोलीचे अण्णा
दोघांचंही वाचलं. माझं वय ६८, तेव्हा थोडं ऐकून घ्या. साहित्याची वाटणी कोण कोणावर प्रेम करतो यावरून करायची ही पद्धत मला मान्यच नाही. उद्या घटस्फोटितांचं कपाट, मधुमेह्यांचं कपाट. मित्राची गोष्ट १९८१ चं, रोहिणी हट्टंगडींनी त्यातली नायिका मित्रा केली होती. त्या नाटकाबद्दल आम्ही पोरं चहाच्या टपरीवर तास तास बोलायचो, कोणी लेस्बियन नाटक म्हटलं नाही, तेंडुलकरांचं नाटक म्हटलं. उंबरठामध्ये (१९८२) सुधारगृहातल्या दोन बायकांचा प्रसंग आहे, तोही पडद्यावर बघितला, पिक्चर स्मिता पाटीलचा म्हणूनच लक्षात राहिला. चांगलं असेल तर टिकेल, नसेल तर लेबल लावून टिकणार नाही.

एक_वाचक_२७
अण्णा, टपरीवर तुमच्यात बसलेला एखादा तेव्हा गप्प होता का हे तुम्हाला कळलं असतं का? आणि मित्राचं शेवटी काय होतं तेही सांगा ना. मरते. माय ब्रदर निखिलमधला निखिल मरतो. अलीगढ पिक्चरमधले सिरस सर मरतात, आणि ते तर खरे होते, मराठीचे प्राध्यापक, मराठीत कविता लिहायचे, पायाखालची हिरवळ नावाचा संग्रह. २०१० च्या फेब्रुवारीत घरात घुसून त्यांचंच शूटिंग केलं, निलंबन झालं, १ एप्रिलला हायकोर्टाने निलंबनाला स्थगिती दिली आणि आठवड्याभरात ते गेले. आपल्याच भाषेचा कवी, आणि आपल्याला तो हिंदी पिक्चरमधून मनोज बाजपेयीच्या चेहऱ्याने कळला. म्हणून म्हणतो 'चांगलं' एवढं पुरत नाही, यादीत हेही लिहा की कशात माणूस शेवटपर्यंत जिवंत राहतो. सतरा वर्षांच्या पोराला ते आधी हवं असतं.

डिचोलीचे अण्णा
ही गोष्ट खरी की टपरीवरचा गप्प माणूस मला आठवत नाही. आठवायला तो दिसायला हवा होता. पण म्हणून शेवट आधी सांगून पुस्तक द्यायचं, हे नाही पटत बाबा.

नाटकवेडा_पेडणे
मी वेगळंच बोलतो. आमच्याकडे दशावतारात रात्रभर पुरुष नऊवारी नेसून राणी होतो, आणि आया-बाया पुढे बसून डोळ्याला पदर लावतात. एकदा मी रंगपटात मागे गेलेलो, पहाटे साडेतीन वाजलेले, राणी झालेला माणूस लुगड्याचा ओचा वर खोचून बिडी ओढत होता आणि एका हाताने दुसऱ्या दिवशी कुठल्या बागेत फवारणी आहे ते फोनवर सांगत होता. मला ते बघून एवढं भारी वाटलेलं. तेव्हा आपल्याला लेबलची गरजच काय, आपल्या मातीत हे सगळं आधीपासून आहे.

मडगावकर_कट्टा
नाही हो, हा नेहमीचा घोळ. स्त्रीपार्टी करणारा माणूस गे असतो असं नाही आणि ते काम बघून टाळ्या वाजवणारा गाव उद्या गावातल्या खऱ्या मुलाला बायल्या म्हणायचं थांबवत नाही. नटरंग आठवा, गुणा नाच्या होतो ती पोटासाठी आणि कलेसाठी केलेली भूमिका, तो गे नाहीच, तरी त्याच्यावर काय वेळ येते. कितीतरी जण नटरंगला एलजीबीटी सिनेमांच्या यादीत टाकतात, मला ते चूक वाटतं. जोगवाबद्दल पण बोला, तिथे उपेंद्र लिमयेचा तायप्पा मनाने जोगता झालेला नाही, देवीला सोडला म्हणून लुगडं नेसवलंय. लोक सरसकट ट्रान्स सिनेमा म्हणून देतात आणि बघणाऱ्याला वाटतं ट्रान्स म्हणजे कोणीतरी जबरदस्ती केलेली असते. लेबल चुकलं की पुस्तक न मिळण्यापेक्षा वाईट.

फोंडेकरीण
@मडगावकर_कट्टा हे माझ्या बाजूचं झालं म्हणायचं 😄 जोगवाला यादीतून काढू का मग?

मडगावकर_कट्टा
काढू नका, खाली दोन ओळी लिहा. मी लेबलविरोधी नाही, आळशी लेबलविरोधी आहे.

बार्देशी_पाव
गोव्यात बसून माय ब्रदर निखिल कोणीच नीट घेतला नाही, एका शब्दात मारून टाकला. ओनिरचा २००५ चा. आपल्या गोव्यातच घडतो, पोहण्याचा चॅम्पियन मुलगा, एचआयव्ही निघतो, सगळे पाठ फिरवतात, उरते बहीण (जुही चावला) आणि मित्र नायजेल. आणि त्यामागे जे खरं घडलं ते म्हापशातलं! डॉमनिक डिसोझा, रक्तदान करायचा, त्यातून तपासणीत कळलं, १९८९ मध्ये गोव्याच्याच पब्लिक हेल्थ कायद्याखाली उचलून जुन्या टीबी सॅनिटोरियममध्ये ६४ दिवस एकट्याला ठेवलेला. माझी आजी म्हापशाची, शुक्रवारच्या बाजारात त्याबद्दल लोक हळू आवाजात बोलायचे म्हणाली. आमच्या पिढीतल्या दहा जणांना विचारा, नऊ जणांना नाव माहीत नसेल. गे लोकांना गोव्यात कायद्याने डांबलं हे शाळेत शिकवायला हवं.

मडगावकर_कट्टा
थोडी दुरुस्ती. डॉमनिकला डांबलं ते एचआयव्ही पॉझिटिव्ह म्हणून, गे म्हणून नव्हे. दोन्हीची सरमिसळ त्या काळच्या लोकांनी केली, आपण परत नको करायला. आणि तो नुसता डांबलेला माणूस नव्हता, कोर्टात लढला आणि पुढे पॉझिटिव्ह पीपल ही संस्था उभी केली, १९९२ ला गेला.

बार्देशी_पाव
मान्य. घाईत लिहिलं.

साखळीची_सून
मला एक कळत नाही, हे सगळं आत्ताच का. आमच्या मुलांना साधं मराठी वाचायला येईना, इंग्लिश मिडीयम, आणि आपण भांडतोय की गे पुस्तकाला कपाट कुठलं. आधी मराठी कपाट तरी वाचवा. राग मानू नका पण मला वाटतं हे शहरी खूळ आहे, किनाऱ्याकडचं.

एक_वाचक_२७
मॅडम मी सत्तरीतला. किनारा मी पहिल्यांदा सातवीच्या सहलीला बघितला.

आणि गोवा म्हणजे सगळं खुलं हा समज पर्यटकांचा. फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स कोलवाळला राहायचे, २००२ मध्ये फ्रेंच जोडीदाराबरोबरचं नातं फ्रेंच कायद्याने नोंदवलेलं, आत्मचरित्र लिहिलं, पद्मश्री मिळाली, सगळं अभिमानानं सांगतो आपण. पण ते पुस्तक इंग्रजीत. माझ्या आईपर्यंत ते कसं पोचणार? मराठी कपाट वाचवायचं तर त्यात आम्हीपण असू द्या, वाचक वाढेल.

साखळीची_सून
वाचक वाढेल हा मुद्दा घेतला. बाकी माझं मत आहे तेच आहे.

हार्मोनियम
गाण्यांचं कोणी बोलेना. मराठीत आहे काय? मला एवढंच दिसतं की ज्ञानेश्वरांच्या विराण्या. घनु वाजे घुणघुणा ऐका, पुरुष बाईच्या आवाजात कान्ह्यासाठी झुरतोय, सातशे वर्षांपूर्वी. ही आपली पहिली क्वीअर, म्हणजे स्त्री-पुरुषाच्या ठरलेल्या चौकटीबाहेरची गाणी.

डिचोलीचे अण्णा
कृपा करून माउलींना यात ओढू नका. ती मधुराभक्ती, जीव स्त्री आणि परमात्मा पुरुष, हा सगळ्या भक्तिपरंपरेचा संकेत आहे, त्याचा अर्थ देहाशी लावायचा नसतो.

हार्मोनियम
अण्णा, ओढत नाही. तुम्हीच आत्ता एका पुरुषाला माउली म्हणालात, जीभ अडखळली का? तेवढंच म्हणायचंय. हां, 'पहिली क्वीअर गाणी' हे जरा जास्त झालं, मागे घेतो. पण ज्या पोराला दुसरं गाणंच नाही त्याने रात्री हेडफोन लावून ते आपलं म्हणून ऐकलं तर माउली रागावतील असं मला वाटत नाही.

डिचोलीचे अण्णा
ऐकायला कोणी अडवलंय. यादीत नको.

बार्देशी_पाव
नवीन हवं असेल तर सिक्स पॅक बँड, २०१६, सहा तृतीयपंथी गायिका, हम हैं हॅपी. हिंदी आहे पण पाय थिरकतात. दुःखाशिवाय काहीतरी!

एक_वाचक_२७
एक सांगायचं राहिलं, फोंडेकरीण ताई. तुम्ही भाच्याचा प्रश्न, फोंडा, चवथ सगळं इथे लिहिलंत. त्याला विचारलंत का?

फोंडेकरीण
विचारलं रे. लिहून त्यालाच आधी दाखवलं, एक-दोन गोष्टी बदलल्यात. आणि एक लक्षात घ्या, त्याने स्वतःबद्दल मला काहीही सांगितलेलं नाही, फक्त पुस्तक मागितलं. मी पण विचारलेलं नाही.

तुझ्या रजिस्टरवाल्या गोष्टीनं मात्र दोन दिवस झोप उडवली. माझं मत पूर्ण बदललं असं नाही, ग्रुपात मी अजून गोष्ट सांगूनच पुस्तक देणार. पण यादी वेगळी केली, वर एलजीबीटी लिहिलं, आणि प्रत्येकाखाली दोन ओळी, कोणाबद्दल आहे, कसा सूर आहे, आणि (अण्णा डोळे मिटा) कोण मरतं. साबर बोंडंखाली लिहिलं, मरण आहे पण ते बापाचं आणि सुरुवातीलाच, दहा दिवसांच्या सुतकात मुंबईहून गावी आलेला आनंद आणि त्याचा लहानपणचा मित्र बाळ्या, मागे एक टिपूस पार्श्वसंगीत नाही, सनडान्स चित्रपट महोत्सवात २०२५ चं मोठं बक्षीस. शेवट सांगितला नाही. कागदी छापली नाही, फोनवर पाठवली, म्हणजे सही नको कोणाची.

भाच्याचं उत्तर काल आलं. थँक्यू वगैरे काही नाही. "मावशी, यातलं आईला कुठलं देऊ?"

आता त्याची आई म्हणजे माझी सख्खी धाकटी बहीण आणि मला सुचत नाहीये. सांगा.

मडगावकर_कट्टा
लक्ष्मीचं आत्मचरित्र नको, आई घाबरेल आणि विषयही वेगळा. चेतन दातारांचं एक माधवबाग बघा, आईचंच मनोगत आहे, मुलाची डायरी हाती लागते. पण ते नाटक, कुठे मिळवणार.

एक_वाचक_२७
साबर बोंडं. त्यातल्या आईला आधीपासून माहीत असतं. मी माझ्या आईला अजून दाखवलेला नाही, पण दाखवला तर तोच.

साखळीची_सून
थेट पुस्तक नका देऊ बाई. एकदम घाबरेल ती.

डिचोलीचे अण्णा
बहीण वाचणारी आहे की बघणारी?

फोंडेकरीण
बघणारी. रात्री आठ ते दहा मालिका, तेव्हा माझा फोनसुद्धा उचलत नाही.

डिचोलीचे अण्णा
मग दहानंतर. आणि पोराला एकट्याला नका बसवू तिच्याबरोबर, तुम्हीही जा. भजी घेऊन जा.