सुलकाटा कासव घ्यावं का? (फिनिक्स, ॲरिझोना)

नवा_फिनिक्सकर
मंडळी, ऑफिसातला एक जण सुलकाटा जातीचं कासवाचं पिल्लू फुकट देतोय. तळहातावर मावतं, लेट्यूस खातं. लेक सात वर्षांची, दोन दिवस तिचं जेवणात लक्ष नाही. घर भाड्याचं, मागे थोडं अंगण. "एक टब आणि थोडा पाला, आणखी काय लागतं?" असं बायको म्हणते. कोणी पाळलंय का?

मेसाचे_काका
मी पाळलंय. १७ वर्षं झाली. आणलं तेव्हा मिसळणाच्या डब्यातल्या वाटीत बसायचं, म्हणून नाव चिंगी. आज वजन ४१ किलो. डॉक्टरकडे न्यायचं तर मी आणि शेजारी सतरंजीत घालून उचलतो. शिवाय चिंगी नर निघाली. कवच फूटभराच्या वर जाईपर्यंत या जातीत नर-मादी नीट कळत नाही. तोवर नाव पडून गेलेलं.

ही जात सहाराच्या दक्षिणेकडच्या साहेल पट्ट्यातली. तिथे उन्हापासून वाचायला बिळं खणतात, तुमच्या अंगणातही खणणारच. आमच्याकडे एसीच्या बाहेरच्या युनिटखालची माती काढली, युनिट कललं. भाड्याच्या घरात डिपॉझिट विसरा. जाळीचं कुंपण नको, पलीकडचं दिसलं की ढकलत राहतं. ब्लॉकची भिंत लागते. स्विमिंग पूल असेल तर त्यालाही कठडा. पोहता येत नाही, बुडून मरतं.

लेट्यूसवर वाढवू नका. गवत, वाळका चारा, काटे काढलेला निवडुंग. फळं नकोत. मी पहिली दोन वर्षं त्याला कोरड्या काचपेटीत ठेवलं, म्हटलं वाळवंटी प्राणी आहे. चुकलो. पिल्लांना दमट हवा लागते. चिंगीच्या पाठीवर मोदक मांडल्यासारखे उंचवटे आलेत, ते आता जन्मभर तसेच.

आणि हिवाळा! ही जात थंडीत झोपून राहत नाही. लाकडी खोपटं, आत तेलाचा हीटर, आणि थंडीत रोज संध्याकाळी साहेबांना आत घ्यायचं. एका जानेवारीत बिळातून येईचना. बाहेर ४ डिग्री. बायको तासभर टॉर्च घेऊन पालथी पडलेली. शेवटी गणपतीला वाहिलेलं जास्वंद आणून दाखवलं, तेव्हा कुठे माती झाडत वर आलं.

मी ६१ चा. हे सत्तर वर्षं सहज जगतं. मुलगी सिएटलला अपार्टमेंटमध्ये, तिने आत्ताच हात जोडलेत.

टूसॉनची_अनघा
कासवच हवं तर इथलं सोनोरन वाळवंटी कासव दत्तक घ्या, ॲरिझोना गेम अँड फिश (राज्याच्या वन्यजीव) विभागाची योजना आहे. साधारण फूटभराचं होतं आणि थंडी बिळात झोपून काढतं. फक्त रानातून उचलायचं नाही, आणि पाळलेलं रानात सोडायचंही नाही. पाळलेल्यांकडून रानातल्या कासवांना श्वसनाचा रोग लागतो. बंदिस्त अंगण मात्र त्यालाही लागतं, तेव्हा आधी घरमालकाला विचारा.

नवा_फिनिक्सकर
नको म्हणून कळवलं. लेक रुसलीये. काका, शनिवारी चिंगीला बघायला आलो तर चालेल?

मेसाचे_काका
या की. जास्वंदी आणा, आमची संपली. आणि लेकीच्या पायाला लाल नेलपॉलिश असेल तर बूट घालून आणा. चिंगीला फरक कळत नाही.