नबुखद्रेस्सरची थकलेली मजुरी

पाणकोंबडा
परवा 'दाराशी उभा' यांचा लेख तीनदा वाचला, तिन्ही वेळा चहा गार झाला. म्हणणं काय, तर बायबलमधल्या यहेज्केल संदेष्ट्याच्या २६व्या अध्यायातलं, आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरच्या सोर नगराच्या नाशाचं भाकीत अक्षर न् अक्षर खरं ठरलं, अलेक्झांडरने शहराची दगडमाती समुद्रात लोटली, आता तिथे कोळी जाळी वाळत घालतात. तेव्हा आजच्या राष्ट्रांनीही आपला नंबर ओळखावा.

अहो, पुढची चार पानं उलटायचे कष्ट घ्या की! २६:७ मध्ये (अध्याय २६, वचन ७) नाव घेऊन सांगितलंय, बाबेलचा म्हणजे बॅबिलोनचा राजा नबुखद्रेस्सर येणार, घोड्यांच्या टापांखाली रस्ते तुडवणार. तो आला आणि तेरा वर्षं वेढा घालून बसला. मग २९:१८ काय म्हणतं? ओझी वाहून शिपायांची टक्कलं पडली, खांदे सोलवटले, आणि सोरकडून ना राजाला मजुरी मिळाली ना फौजेला. म्हणून देव म्हणतो, मिसर (इजिप्त) घे, ती तुझी मजुरी. हे मी म्हणत नाही, तोच संदेष्टा म्हणतो, सोळा वर्षांनी, तारीख घालून. त्याला ते झाकावंसं वाटलं नाही. तुम्ही मात्र त्यावर पांघरूण घालून मोकळे.

दाराशी उभा
जय ख्रिस्त. भावा, २६:३ वाच. 'पुष्कळ राष्ट्रे', समुद्राच्या लाटांसारखी एकामागून एक. पहिली लाट बाबेलची, पुढची अलेक्झांडरची, इ.स.पू. ३३२. आठ ते अकरा वचनांत 'तो' आहे, बाराव्यात अचानक 'ते'. दगड, लाकूड, माती पाण्यात टाकणारे कोण? 'ते'. अलेक्झांडरने किनाऱ्यावरच्या जुन्या सोरचा मलबा टाकून बेटापर्यंत भराव घातला आणि सात महिन्यांत बेट घेतलं. अडीचशे वर्षं आधी हे कुणाला सुचेल?

नास्तिक नाना
एका 'ते'वर अडीचशे वर्षं! आमच्या भाऊबंदांनी सातबाऱ्यावरच्या 'इतर हक्क'मध्ये घुसून अख्खी पट्टी लाटली, त्याची आठवण झाली. दोन पिढ्या कोर्टात चाललंय. असो.
आणि चौदाव्या वचनातलं 'तू पुन्हा बांधली जाणार नाहीस'? ख्रिस्ताचा प्रेषित पौल पुढे तिथे सात दिवस राहिला, बायबलमध्येच आहे, प्रेषितांची कृत्ये २१. खडकावर झोपत होता का? आजही लेबनॉनच्या नकाशात 'सूर' आहे. माणसं राहतात, भाजी घेतात, भांडतात.

केडगावची पोरगी
विषय निघालाच आहे तर, सोरला इंग्रजीसारखं 'टायर' लिहिणं थांबवा रे! कालपासून चौघांनी लिहिलं. गाडीचं चाक आहे का? पंडिता रमाबाई बायबलच्या मराठी भाषांतरासाठी म्हातारपणापर्यंत हिब्रू-ग्रीक घेऊन बसल्या त्या काय यासाठी? मराठीत 'सोर' आहे, तिथल्या लोकांच्या तोंडी 'सूर' आहे. मध्ये हे इंग्रजी चाक कुठून आलं?

नवगावची नात (अश्दोद)
बारावं वचन हिब्रूत अनेकवचनी आहे, इतकं 'दाराशी उभा' यांचं बरोबर. पण त्यावरून ग्रीस गाठायची गरज नाही. 'मामलेदार आला आणि घरं मोजून गेले' असं आपण बोलतोच. राजा आला, फौजेने लुटलं, संपलं.
मला चीड वेगळीच येते. न्यायाचं टोक कायम दुसऱ्याकडे. आमोस संदेष्टा राष्ट्रांवरचा न्याय सांगायला सुरुवात करतो दिमिष्कापासून (दमास्कस). मग गज्जा, सोर, अदोम, अम्मोन, मवाब. ऐकणारे खुशीत माना डोलावत असणार. मग यहूदा. आणि सगळ्यात लांबलचक माप कुणाच्या पदरात? इस्राएलच्या. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, अलिबागेहून इथे इस्राएलात येऊन दोन पिढ्या झाल्या, तेव्हा 'शेजाऱ्यांवर न्याय' हे मी इथेही रोज ऐकते. पुढचं पान कुणी वाचत नाही.

माळवद
मी सहसा लिहीत नाही. पण 'राष्ट्रांनी आपला नंबर ओळखावा' हे वाचून राहवलं नाही.
३० सप्टेंबर १९९३, किल्लारीचा भूकंप. मी नववीत, गाव उमरगा तालुक्यातलं. गणपती बुडवून लोक झोपले होते. चारच्या आत सगळं झालं. आमची घरं दगडमातीची, वर मातीचं जाड माळवद. आत्या त्याखाली गेली. नंतर पत्र्याच्या शेडमध्ये एक प्रचारक आले, ब्लँकेटं वाटली, वाटून झाल्यावर बायबलमधलं यशया संदेष्ट्याचं पुस्तक उघडून म्हणाले, हा मूर्तिपूजेचा न्याय आहे. आम्ही तिसऱ्या पिढीचे ख्रिस्ती. आत्या रविवारी उपासनेला पहिल्या ओळीत बसायची. वडिलांनी काही न बोलता ब्लँकेटाची चौघडी केली आणि त्यांच्या हातात परत दिली. थंडी होती तरी.

दाराशी उभा
त्या प्रचारकाचं मी समर्थन करत नाही. पण आमोस ३:६ सुद्धा वचनच आहे: नगरावर आपत्ती आली तर ती परमेश्वराने आणली नाही काय? की आपल्याला नको ती पानं फाडायची?

माळवद
मग लूक १३ पण फाडू नका. शिलोहचा बुरूज पडून अठरा मेले. ते यरुशलेमेतल्या इतरांपेक्षा जास्त अपराधी होते का? येशू म्हणतो, नाही.

दाराशी उभा
आणि लगेच म्हणतो, पश्चात्ताप केला नाहीत तर तुमचाही नाश होईल. अर्धंच वचन तुम्हीही सांगता!

नास्तिक नाना
भूकंप मारत नाही, माळवद मारतं. यात देवाला गोवायचं तर गवंड्यालाही गोवा.

माळवद
नाना, ते माळवद माझ्या आजोबांनी घातलं होतं. जरा जपून.

नास्तिक नाना
चुकलो. शब्द मागे.
पण राजांबद्दल विचारतोच. यशया ४५ म्हणतो कोरेश, म्हणजे इराणचा राजा सायरस, हा परमेश्वराचा अभिषिक्त. बाबेलच्या मातीत १८७९ साली सापडलेली कोरेशची वृत्तचिती (लेख कोरलेला मातीचा लंबगोल) म्हणते, बाबेलचा देव मर्दूक याने त्याला निवडलं. एकाच माणसाला दोन खात्यांचं नियुक्तीपत्र?

पाणकोंबडा
नाना, कोरेशला परमेश्वराची ओळखही नव्हती, हे त्याच अध्यायात दोनदा आलंय. कुऱ्हाडीला सुताराचं नाव ठाऊक असावं लागत नाही. यशया १० मध्ये अश्शूर हा देवाच्या क्रोधाचा सोटा. पण सोटा फुशारक्या मारू लागला की त्यालाही जाब. माझा मुद्दा इतकाच आहे. देव राष्ट्रांचा धनी आहे म्हणजे त्याने वेळापत्रक छापलंय असं नाही. मीखा संदेष्ट्याने सांगितलं, सियोन (यरुशलेम) शेतासारखी नांगरली जाईल. यहूदाचा राजा हिज्कीया घाबरला, देवाने बेत बदलला. शंभरेक वर्षांनी असंच बोलल्याबद्दल यिर्मया संदेष्ट्याच्या जिवावर बेतलं तेव्हा वडीलधाऱ्यांनी हाच दाखला दिला (यिर्मया २६). मीखाचा आकडा लागला नाही म्हणून त्याला कुणी खोटा म्हटलं नाही. भाकिताचा मटका तुम्ही केलात.

दाराशी उभा
मटका शब्द मागे घ्या.

पाणकोंबडा
घेतला. लॉटरी.

दाराशी उभा
वा, धन्य झालो. बरं, २९:१८ लेखात यायला हवं होतं, मान्य. भराव मात्र अलेक्झांडरनेच घातला, तो तुमच्या मामलेदाराने नाही. आणि माळवद, 'नंबर ओळखावा' ती ओळ काढली. 'अक्षर न् अक्षर'च्या जागी 'बहुतांशी' केलंय. झालं समाधान?

पाणकोंबडा
'बहुतांशी'वर उद्या बोलू. आज चहा गरम प्यायचाय.