अनुभव धागा: उन्हाळ्याच्या सुटीत गावी येणाऱ्यांनी जीव सांभाळायचा कसा?

सुटी लागली की पुण्या-मुंबईची लेकरं वऱ्हाडात, झाडीपट्टीत (पूर्व विदर्भात) आजोळी येतात. गावच्या घरात नेमकं काय बिघडतं आणि काय करायचं, तेवढंच लिहा. किस्से नकोत, मोजमाप द्या.

फेज-न्यूट्रल (वर्धा जिल्हा)
राजेहो, ऊन नंतर, आधी कुलर. पत्र्याचा डबा, आत पाणी, पाण्यात पंप आणि वरून दोन पिनांची केबल. पंपाचं सील गेलं किंवा वायर सोलली की करंट पत्र्यात उतरतो. कोरड्या चपलेवर उभ्या माणसाला नुसती झिणझिणी येते, म्हणून "थोडासा झटका मारते" म्हणत घरचे महिनाभर तसाच चालवतात. तोच पत्रा सांडलेल्या पाण्यात अनवाणी उभ्या पोरानं धरला की संपलं.

पाणी भरताना बटन बंद करून भागत नाही, प्लग उपसा. जुन्या बोर्डात फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले असतात; तेव्हा बटन बंद असलं तरी आत फेज असतोच. तीन पिनांचा प्लग चांगला, पण घराला अर्थिंग नसेल तर तिसरी पिन शोभेची. मेन बोर्डात 30 मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या आणि महिन्यातून एकदा त्याचं टेस्ट बटन दाबून पाहा. एमसीबी (लोड वाढला की पडणारा स्विच) आहे म्हणून निर्धास्त राहू नका. तो वायरिंग वाचवतो, माणूस नाही. कुणी चिकटलंच तर हात न लावता आधी मेन पाडा.

उपकेंद्र (चंद्रपूर)
कुलरची टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासा. डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटून राहतात, नुसतं पाणी बदलून जात नाहीत.

आता ऊन. आमच्याकडे पारा 45 च्या वर जाणं नवलाचं नाही. डोकं दुखणं, मळमळ, पायात गोळे इथपर्यंत सावली आणि ओआरएस पुरतं. माणूस असंबद्ध बोलू लागला, झापड आली, अंग भट्टीसारखं तापलं, तर तो उष्माघात. 108 ला फोन लावा, आणि गाडीची वाट पाहत बसू नका: कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, जोरात वारा घाला, काखेत-जांघेत गार फडकी ठेवा. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी घालू नका, श्वासनलिकेत जातं. पॅरासिटामॉल इथे काम करत नाही, कारण हा तापच वेगळा. खिशातल्या कांद्यानं अपाय नाही, उपायही नाही.

ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात सगळं एकदम. ग्लासभर पाण्यात अंदाजे टाकली की मीठ कमी-जास्त होतं. केलेलं पाणी 24 तासांनी फेका. पाकीट नसेल तर एका लिटरला सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ; चमचा चहाचा.

खारपाण (अकोला)
वरच्यात एक भर. पूर्णेच्या खोऱ्यात, म्हणजे अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात, बोअरच्या पाण्यात ओआरएस करू नका. त्यात आधीच क्षार. उकळून क्षार जात नाहीत, उलट घट्ट होतात. गोडं पाणीच घ्या.

पऱ्हाटी (यवतमाळ)
अंगणातल्या पऱ्हाट्या-तुराट्यांच्या (कापूस-तुरीच्या वाळल्या काड्यांच्या) ढिगाशी पोरांना खेळू देऊ नका. साप-विंचवाचं घर ते. रात्री जमिनीवर नाही, बाजेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली खोचून. मण्यार झोपेत चावते, दुखतही नाही, दाताची खूण दिसेलच असं नाही. पहाटे पोटदुखी, पापण्या मिटू लागणं, गिळता न येणं दिसलं की सरळ दवाखाना, मांत्रिक नाही. आवळून बांधू नका, चिरू नका. अंगठ्या-बांगड्या काढा, हातपाय फळीला सैल बांधून हलू देऊ नका.

लाल विंचू चावून घाम, उलटी, हातपाय गार पडले तर विष हृदयावर चाललंय. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रूढ केलेली प्राझोसिनची गोळी यावर आहे, पण ती डॉक्टरच देणार, रक्तदाब पाडते. लहान मुलात तर एक मिनिटही घालवू नका.

झाडीपट्टी
मे महिना तेंदूपत्त्याचा. जंगलाला लागून गाव असेल तर पहाटे आणि दिवेलागणीला एकट्यानं तिकडे जाऊ नका, जंगली जनावरांची वेळ ती. शेताच्या कुंपणाला करंट सोडलेला असू शकतो. ओळखीच्या शेतातही मालकाला विचारूनच शिरा.