मानसिक आरोग्य प्रथमोपचार: दोन तासांच्या व्याख्यानात भागेल का?

प्रश्न
विद्यापीठातल्या प्राध्यापक-कर्मचाऱ्यांसाठी मानसिक आरोग्य प्रथमोपचाराचं, म्हणजे मानसिक त्रासात असलेल्याला तज्ज्ञांची मदत मिळेपर्यंत आधार कसा द्यायचा याचं, प्रशिक्षण ठरतंय. प्रशासनाच्या मते दोन तासांचं व्याख्यान पुरे. खरंच पुरेल? आणि आधी कोणाला बसवावं?

प्रतिसाद १
व्याख्यानातून माहिती मिळेल, पण बोलायची सवय होणार नाही. बेटी किचनर आणि अँथनी जॉर्म यांनी ऑस्ट्रेलियात सुरू केलेल्या या अभ्यासक्रमाचे प्रमाणित वर्ग साधारण ८ ते १२ तासांचे असतात. निम्मा वेळ तरी सरावाला द्या. तिघांचा गट करा: एक विद्यार्थी, एक मदत करणारा, एक नुसता बघणारा. दहा मिनिटांनी भूमिका बदला.

गाडी हमखास अडते ती एकाच प्रश्नावर. लोक विचारतात, "काही वेडंवाकडं तर करणार नाहीस ना?" याला समोरचा "नाही" म्हणणार, दुसरं काय! सरळ विचारायला शिकवा: "जीव द्यायचे विचार मनात येतात का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर "हो" आलं, तर काही ठरवलंय का, कधी, साधन हाताशी आहे का, तेही विचारायचं. मग त्याला एकटं न सोडता तातडीची मदत बोलवायची.

प्रतिसाद २
आधी वसतिगृह, परीक्षा विभाग, ग्रंथालय, फीची खिडकी आणि सुरक्षारक्षक. नापास झालेला मुलगा विभागप्रमुखांच्या आधी यांच्यासमोर उभा असतो.

प्राध्यापकांचा अडसर वेगळाच: ऐकायच्या आत उपाय सुचवतात, किंवा निदानच करून टाकतात. "कोणालाही सांगणार नाही" असं वचन तर मुळीच देऊ नये. त्याऐवजी म्हणावं, "जिवाला धोका वाटला तर योग्य व्यक्तीला सांगावं लागेल, पण शक्यतो तुला सांगूनच."

प्रश्नकर्ता
आणि वर्गातच कोणाला पॅनिक अटॅक, म्हणजे अचानक प्रचंड भीती आणि धडधडीचा झटका, आला तर?

प्रतिसाद ३
गर्दीतून बाजूला बसवा, हळू आवाजात बोला, श्वास सावकाश सोडायला सांगा. बहुतेक वेळा दहाएक मिनिटांत अटॅक शिगेला पोहोचतो, मग ओसरू लागतो. मात्र छातीत दुखत असेल, शुद्ध हरपली असेल किंवा असा त्रास पहिल्यांदाच होत असेल, तर 'पॅनिकच असेल' असं गृहीत धरू नका; रुग्णवाहिका बोलवा.

प्रशिक्षणाआधी एक पानाची यादी मात्र तयार हवी: समुपदेशकाची वेळ, रात्री आणि सुट्टीच्या दिवशी लागणारा फोन, वसतिगृहात कोणाला कळवायचं. प्रत्येक फोन एकदा लावून बघा. प्रशिक्षण सुरू होईपर्यंत एखादा नंबर बदललेला असू शकतो.