मूल तीन वर्षांचं, अजून बोलत नाही: मुंबई गाठायची, की मदत वाडीवर आणायची?

सड्यावरची
कोकणात एखादं मूल हाक मारली तरी वळून बघत नाही, बोट दाखवून काही मागत नाही, हे ध्यानात आलं की घरातून पहिला सल्ला ठरलेला असतो: 'थांब गो, याचा बापूसपण उशिराच बोलला.' त्यात दोन वर्षं जातात. मग दुसरा सल्ला येतो, 'मुंबईला घेऊन जा.' माझ्या मते हा दुसरा सल्लाही पहिल्याइतकाच नुकसानीचा आहे.

मुंबई म्हणजे दिवा-विरारला दहा बाय बाराच्या खोलीत दिराच्या संसारात राहणं. आठवड्यातून दोनदा लोकल, रिक्षा, पाऊण तास थेरपी आणि परत. आठवड्यात मूल जागं असतं ऐंशीएक तास. त्यातला दीड तास सोडला तर बाकी वेळ ते आईजवळच असतं आणि तिला नेमकं काय करायचं ते कोणी शिकवलेलंच नसतं.

म्हणून घरच्यांना शिकवा. जागतिक आरोग्य संघटनेचा नेमका असाच कार्यक्रम आहे: विकासात मागे राहणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी नऊ गटबैठका आणि तीन गृहभेटी. तो चालवायला तज्ज्ञच लागतो असंही नाही. जेवण भरवताना, अंघोळ घालताना, खेळताना मुलाशी देवाणघेवाण कशी वाढवायची ते त्यात शिकवतात. आपल्याकडे वाडीवाडीत अंगणवाडी आहे. २०२३ मध्ये केंद्राने दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडीची कार्यपद्धतीही आणली. मग अडलंय कुठे?

खाडीपलीकडचा
अडलंय ते अंगणवाडीतच. माझी बायको सेविका आहे. पोषण ट्रॅकर, वजन-उंची, आहार, सर्व्हे, वर निवडणुकीची कामं. मानधनावरची बाई ही, पगारी नोकर नव्हे. आता तिनेच ऑटिझमही ओळखायचा? आणि ओळखून सांगितलंच, तर पोराची आजी दारातून परत पाठवते, 'आमच्या नातवाला वेडा म्हणतेस?' अशी बोलणी ऐकायला ती तयार नाही आणि मीही तिला सांगणार नाही.

हातपाय
मी फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे कडक बोलते. 'आईला शिकवा' हे ऐकायला गोड लागतं. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला इजा होऊन हालचाली बिघडलेल्या मुलाचा खुबा हळूहळू सांध्यातून सरकत जाऊ शकतो. सुरुवातीला दुखतही नाही, एक्स-रेशिवाय कळत नाही. मुलाला आडवं ठेवून भरवलं तर घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. ऐकायला येत नसेल तर आधी श्रवणचाचणी हवी, नुसतं 'बोला त्याच्याशी' सांगून भागत नाही. हे सगळं नऊ बैठकांत बसत नाही.

दुसरं म्हणजे आईला थेरपिस्ट करायचं ठरवलंत की मूल सुधारलं नाही तर दोष कोणाच्या माथी? 'हिनेच नीट केलं नाही.' चूल, भात, गुरं, सासू-सासरे आणि वर हे.

मालवणी मसालो
भांडतास कित्याक? देवगडातसून ओरोसाक, जिल्ह्याच्या इस्पितळात, पोराक घेऊन जावचा म्हणजे अख्खो दिवस मोडता. त्या दिवसाची मजुरी कोण देतलो? ह्या कोणीच बोलणा नाय.

पनवेलकर बाबा
धागाकर्तीशी असहमत. आम्ही लेकाला घेऊन गाव सोडलं, तो अडीच वर्षांचा होता. कर्ज झालं, पण इथे त्याला स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी आणि सांभाळून घेणारी बालवाडी मिळाली. गावात 'देवाचं बघा' म्हणून गाऱ्हाणं घालण्यात सहा महिने गेले होते. सुविधा येईल तेव्हा येईल, मूल तोवर थांबत नाही.

सड्यावरची
@पनवेलकर बाबा, तुम्ही केलंत ते योग्यच. पण ज्याला कर्जही कोणी देत नाही त्याच्यासाठी मी लिहिलंय.

@हातपाय, खुब्याचा मुद्दा शंभर टक्के मान्य. तपासणी आणि दिशा तज्ज्ञाचीच हवी. त्यासाठी रचना कागदावर आहेच की! राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे. त्याच्या पथकाने, म्हणजे दोन आयुष डॉक्टर, नर्स आणि फार्मासिस्ट यांनी, अंगणवाडीत वर्षातून दोनदा यायचं. शंका वाटली की मूल जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे जिथे अशा मुलांची तपासणी आणि थेरपी होते तिथे, पाठवायचं. पुढे काय होतं? मंडणगडच्या माणसाला रत्नागिरी शंभरावर किलोमीटर. एकदा जातो, पुढची तारीख मिळते, तो परत जात नाही. माझं म्हणणं एवढंच की त्या केंद्राच्या थेरपिस्टने महिन्यातून एक दिवस तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात बसावं. मधले दिवस घरचे सांभाळतील.

आणि दोष आईच्या माथी तर आजही आहेच, काही न शिकवता.

कायदेकानू
मूळ भोक दुसरीकडे आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मोफत शिक्षणाचा हक्क ६ ते १८ वयासाठी, तोही ४० टक्के किंवा जास्त अपंगत्वाचा दाखला असेल तर. शिक्षण हक्क कायदाही सहापासूनच. म्हणजे ज्या वयात मदतीचा सर्वांत उपयोग, तिथे हक्क नाही, फक्त योजना. एसटीची सवलतही दाखला हातात आल्यावरच. दाखल्यासाठीच्या फेऱ्यांना ती मिळत नाही.

@मालवणी मसालो, ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. ग्रामसभेत हात वर करून विचारा, कुठे गेली. त्यातून प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी मागा.

खाडीपलीकडचा
आमच्या पंचायतीचं स्वतःचं उत्पन्न दोन लाख धरा. पाच टक्के म्हणजे दहा हजार. गावातले सगळे दिव्यांग त्यात. वाटले तर एका घराच्या चार फेऱ्यांचेही होत नाहीत. असले आकडे सांगून लोकांना आशेला लावू नका.

कायदेकानू
दहा हजार शून्यापेक्षा जास्त असतात, साहेब. नाहीतर त्यातून खुर्च्या घेतल्या जातात आणि फोटो निघतात.

हातपाय
महिन्यातून एक दिवस तालुक्याला बसायला मी तयार आहे, गाडीचं बघा कोणीतरी. पण शिकवायला आईला एकटीला बोलावू नका. आजीला बोलवा. निम्म्या घरांत बाप चाकरमानी, आई शेतात, मूल आजीच्या मांडीवर. भरवते तीच आणि 'थांब' म्हणतेही तीच.

मालवणी मसालो
आजयेक बोलवा, पण जून-जुलयात नको. लावणीत कोण येवचा नाय. आणि गणपतीत तर तुमचो डॉक्टरय मिळाचो नाय.