गो भाषेत रँडम विलंब काढताना ‘मिसमॅच्ड टाइप्स’ ही एरर येते

प्रश्न:
सर्व्हरने रिक्वेस्ट नाकारल्यास काही सेकंद थांबून ती पुन्हा पाठवणारे फंक्शन मी गो या प्रोग्रामिंग भाषेत लिहीत आहे. ‘5 * टाइम.सेकंड’ असे लिहिले की कोड विनातक्रार कंपाइल होतो. मात्र 5 च्या जागी रँडम पूर्णांक देणारे ‘रँड.इंटएन(5)’ ठेवताच कंपायलर ‘मिसमॅच्ड टाइप्स इंट अँड टाइम.ड्युरेशन’ असे सांगून अडून बसतो. सबंध गुणाकार ‘टाइम.ड्युरेशन( )’ मध्ये घालून पाहिला, तरी एरर तीच. दोन्हीकडे पूर्णांकच असताना आक्षेप नेमका कशाला आहे?

उत्तर 1:
नुसत्या 5 ला स्वतःचा टाइप (मूल्याचा प्रकार) ठरलेला नसतो, त्यामुळे तो शेजारच्या ‘टाइम.सेकंड’चा टाइप, म्हणजे कालावधीसाठीचा ड्युरेशन, निमूटपणे घेतो. इंटएन मात्र पक्का इंट (साधा पूर्णांक) देते; आणि ड्युरेशन हा इंट64 वर बेतलेला असला, तरी गोच्या लेखी तो वेगळाच टाइप आहे. बाहेरून रूपांतर करून काही साधत नाही, कारण आतला गुणाकारच मुळात अमान्य ठरतो. आधी फक्त संख्येचे रूपांतर करावे आणि मग गुणावे:

टाइम.ड्युरेशन(रँड.इंटएन(5)) * टाइम.सेकंड

उत्तर 2:
वरील ओळ कंपाइल होईल, पण तिच्यातून 0 ते 4 असे पाचच विलंब निघतात, शिवाय 0 म्हणजे थांबणेच नाही. शेकडो क्लायंट एकदम नाकारले गेले, तर ते पाच गठ्ठ्यांनी पुन्हा सर्व्हरवर येऊन आदळतील, म्हणजे रँडम विलंबाचा हेतूच बराचसा फसतो. गो 1.22 पासून ‘मॅथ/रँड/व्ही2’ मध्ये ‘रँड.एन(5 * टाइम.सेकंड)’ लिहिता येते, ते थेट ड्युरेशन देते, तेही नॅनोसेकंदापर्यंत विखुरलेले.

प्रश्नकर्ता:
आमच्याकडे अजून जुनी आवृत्ती आहे. कमाल विलंब कॉन्फिगमधून ‘मर्यादा’ या व्हेरिएबलमध्ये येतो. ‘रँड.इंटएन(इंट(मर्यादा))’ चालेल का?

उत्तर 2:
64 बिट मशीनवर चालेल, परंतु 32 बिट एआरएम बोर्डासाठी बिल्ड केल्यास इंटमध्ये 2,14,74,83,647 पेक्षा मोठी संख्या मावत नाही. ड्युरेशन नॅनोसेकंदांत मोजला जातो, त्यामुळे पाच सेकंदांचे 5,00,00,00,000 नॅनोसेकंद कापले जाऊन 70,50,32,704 उरतील, म्हणजे कोणतीही एरर न येता विलंब पाऊण सेकंदाच्या आत येईल. मर्यादा तीन सेकंद असल्यास उरलेली संख्या ऋण होऊन इंटएन थेट पॅनिक करेल (प्रोग्राम बंद पाडेल), आणि खरे सांगायचे तर तेच परवडले, कारण ते निदान दिसते. जुन्या आवृत्तीत असे लिहा:

टाइम.ड्युरेशन(रँड.इंट63एन(इंट64(मर्यादा)))

मर्यादा शून्य असेल तर इंट63एनदेखील पॅनिक करते, तेव्हा ती तपासणी आधी ठेवा.